गाळलेली दुसरी ओळ

३ मार्च

टिल्लू,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तुझा घरचा पत्ता तुझ्या ताईच्या डायरीत तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला आहे आणि त्यातला शेवटचा कुठला ते कळत नाही. फोन करत नाही. फोनवर मला बोलायला सुचत नाही, आणि तुला एका वेळी दोन माणसांशी बोलायची सवय आहे. मागच्या वेळी माझ्या वाट्याला "ते परवावर ढकला" एवढंच आलं.

तुझी फुलं मिळाली हे कळवायचं राहिलं. तुझी ताई गेल्यावर चौथ्या दिवशी आली. गुच्छ मोठा होता. कार्डावर तुझ्या कंपनीचं नाव होतं आणि खाली 'चला, उद्याच्या दिशेने' असं छापलेलं होतं. शेजाऱ्यांनी वाचलं.

काम असं आहे. उद्या पंप किती तास चालवायचे हा आकडा पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं ताईच्या प्रोग्रॅमने काढला. टाकीची पातळी आणि कालचा वापर घातला की आकडा यायचा आणि तो पाळीच्या कागदावर चढायचा. गेल्या ऑक्टोबरात वरची टाकी भरून वाहिली आणि खालच्या गल्लीतल्या पाच घरांत पाणी शिरलं. त्या दिवशीच्या कागदावर अकरा तास वीस मिनिटं असा आकडा आहे. खात्याचे साहेब म्हणाले, प्रोग्रॅम चुकला. ताई म्हणाली, माझा आकडा सात तास वीस मिनिटं होता. चौकशी बसली. जानेवारीत ताई गेली. आता चौकशीच्या मसुद्यात 'दिवंगत कर्मचाऱ्याच्या प्रोग्रॅममधील दोष' असं लिहिलं आहे. दिवंगत माणूस हरकत घेत नाही, त्यामुळे सगळ्यांची सोय झाली आहे.

हरकत मी घेतली. समिती २७ एप्रिलला बसणार आहे. ते म्हणतात, खात्याकडे प्रोग्रॅमची चालती प्रत उरलेली नाही. तुम्ही चालवून दाखवा, नाहीतर मसुदा कायम.

ताईचं यंत्र खात्याचं होतं, ते घेऊन गेले. नेण्याआधी मी तिचं सगळं फोल्डर उतरवून घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एका जुन्या यंत्रावर ती वापरायची तसली, युनिक्सच्या घराण्यातली यंत्रणा घालून दिली आणि फोल्डर जसंच्या तसं त्यात ठेवलं. पण ताईने फोरट्रान भाषेत लिहिलेलं यंत्राला कळेल अशा भाषेत करून देणारा जो कंपायलर लागतो, तो त्यात नाही. दुकानदार म्हणाला, फोरट्रान? काका, ते कोण वापरतं आता?

तू या धंद्यात आहेस असं ऐकून आहे. कसा बसवायचा ते लिहून पाठव. घरात इंटरनेट नाही.

तुझ्या ताईचा नवरा


९ मार्च

प्रिय भावोजी,

पत्र! कागदावर! शाईने! आमच्या टपालखोलीतला माणूस ते माझ्याकडे दोन्ही हातांनी घेऊन आला. पाकिटावर तुम्ही 'टिल्लू' लिहिलंत आणि आता सगळ्या मजल्याला ते ठाऊक झालंय. काल मीटिंगमध्ये माझा एक कनिष्ठ मला "टि... सर" म्हणाला.

फुलांचं काम आमचा एक विभाग बघतो. घोषवाक्य सगळ्या कार्डांवर आपोआप छापलं जातं. त्यावर आता काय बोलू.

ताईवर असा ठपका ठेवतात म्हणजे काय? आमच्या ताईवर? लहानपणी माझ्या गणिताच्या वहीतल्या चुका ती पेनाने गोल करायची आणि वर लिहायची, 'बघ आणि लाज बाळग.' ती चार तासांची चूक करेल?

तुम्ही निर्धास्त राहा. कंपायलर बसवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मी ते झोपेत करतो. पार्सलमध्ये पेन ड्राइव्ह आहे, त्यात सगळं आहे. सोबतच्या कागदावर सात आदेश आहेत. जसेच्या तसे टाइप करायचे, विचार करायचा नाही. पासवर्ड मागेल तेव्हा द्यायचा. तो टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही, घाबरून दुकानदाराकडे पळू नका.

तुमचा,
टिल्लू
उपाध्यक्ष, प्रणाली विभाग


१५ मार्च

टिल्लू,

पाच मिनिटांना चार दिवस लागले.

मी चौतीस वर्षं नकाशाखात्यात ट्रेसर होतो. खालच्या कागदावर जे आहे ते वरच्या कागदावर उतरवायचं, माशी बसलेली असली तरी उतरवायची, हे माझं काम होतं. तू लिहिलंस जसेच्या तसे, विचार न करता. तुझ्या सातही ओळींच्या सुरुवातीला डॉलरची खूण आहे. मी ती सातही वेळा टाइप केली. यंत्राने सातही वेळा सांगितलं की डॉलर नावाचा आदेश मला माहीत नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की ती खूण यंत्र स्वतःच दाखवतं, माझी वाट बघत असल्याची. ती तू कागदावर का काढलीस ते कळलं नाही. नकाशात आम्ही जमीन दाखवायला माती चिकटवत नसू.

खूण वगळल्यावर आदेश चालले. यंत्र म्हणालं, कंपायलर बसला. मग ताईच्या प्रोग्रॅमवर तो चालवला. स्क्रीनवर आलं ते उतरवतो.

ओळ १. कंपायलरचं नाव आणि ताईच्या फाइलचं नाव, मी टाइप केलेलं.
ओळ ३. डॉलरची खूण, पुढे रिकामं.

चालता प्रोग्रॅम तयार झाला नाही. फोल्डरमध्ये नवीन काही आलेलं नाही. तेव्हापासून रोज एक वाजता करून पाहिलं, रोज हेच. ती वेळ माझी मोकळी असते.

तुझ्या ताईचा नवरा


२० मार्च

प्रिय भावोजी,

डॉलरचा किस्सा मी आमच्या संपूर्ण विभागाला सांगितला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खूण काढायची नसते हे सांगावं लागतं हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या वर्णनावरून उघड आहे की इन्स्टॉलेशन बिघडलंय. काही त्रुटी नाही, काही संदेश नाही, नुसतं गप्प बसतंय. (तुमच्याच घरात राहून शिकलं असेल.) दोन उपाय देतोय. पहिला, आहे तो कंपायलर काढून टाका आणि मुळापासून बांधा. त्याचा मूळ मजकूर पेन ड्राइव्हवर आहे, आदेश कागदावर, डॉलरशिवाय. सकाळी सुरू करा, दुपारपर्यंत यंत्र त्यातच गुंतून पडेल, त्याला हात लावू नका.

दुसरा उपाय याहून महत्त्वाचा. ताईचं जुनं फोल्डर पूर्ण पुसा. फक्त प्रोग्रॅमची फाइल आणि ऑक्टोबरचे आकडे बाजूला काढून ठेवा. जुन्या माणसांच्या फोल्डरमध्ये वीस वर्षांचा कचरा असतो, काय कशाला आडवं येईल सांगता येत नाही. पुसायचा आदेश सर्वांत खाली आहे. तो देताना हात थरथरू देऊ नका.

मी स्वतः येऊन करून दिलं असतं, पण या तिमाहीत माझी फारच ओढाताण आहे.

तुमचा,
टिल्लू
उपाध्यक्ष, प्रणाली विभाग


२६ मार्च

टिल्लू,

मुळापासून बांधला. यंत्र साडेतीन तास बोलत होतं. ते मी खुर्चीवर बसून वाचलं. कळलं काही नाही, पण घरात कुणीतरी बोलत होतं.

फोल्डर पुसलं.

एक विचारायचं होतं. या यंत्रावर पुसलेलं परत आणता येतं का?

पुन्हा एक वाजता करून पाहिलं.

ओळ १. मागच्यासारखीच.
ओळ ३. मागच्यासारखीच.

पाणी खात्यातून स्मरणपत्र आलं आहे. त्यात लिहिलंय की चालती प्रत सादर न झाल्यास हरकत मागे घेतली असं समजण्यात येईल. साहेब परवा बाजारात भेटले. म्हणाले, "अहो, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तिचं निवृत्तिवेतन तर तुम्हाला मिळतंय ना व्यवस्थित?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग घरी आलो.

तुझ्या ताईचा नवरा


१ एप्रिल

प्रिय भावोजी,

आजची तारीख बघून ठेवा, कारण तुमचं पत्र वाचून मला वाटलं की तुम्ही माझी चेष्टा करताय. ताजा कंपायलर, रिकामं फोल्डर, आणि तरी तेच? हे शक्यच नाही. यंत्र खोटं बोलत नाही, त्यामुळे तुम्ही नक्की कुठेतरी चुकीचं टाइप करताय. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. नाहीतर यंत्र तरी बदला. माझ्याकडचे उपाय आता संपले आणि समितीला फक्त सव्वीस दिवस उरलेत, हे मलाही दिसतंय. मी हे गंमत म्हणून घेत नाहीये.

आमच्या ऑफिसात एक जुन्या बाई आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांना फारसं काम उरलेलं नाही, म्हणून तुमची पत्रं मी फाइल करायला दिली होती. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आहे. ती तशीच जोडतोय. मला तिच्यात फार दम वाटत नाही.

तुमचा,
टिल्लू
उपाध्यक्ष, प्रणाली विभाग

(सोबतची चिठ्ठी)

नमस्कार. आपली ओळख नाही. आधी एक सांगते, आमच्या साहेबांनी पाठवलेले पहिले सात आदेश माझ्याकडून लिहून घेतलेले होते. डॉलरच्या खुणा त्यांनी नंतर घातल्या, कागद भारदस्त दिसावा म्हणून.

तुम्ही ओळींना आकडे घालता. तीन पत्रांत... नाही, दोन पत्रांत, तुम्ही ओळ एक लिहिली आहे आणि ओळ तीन. जो माणूस डॉलरची खूणसुद्धा सोडत नाही तो दुसरी ओळ विसरणार नाही. तुम्ही ती गाळली आहे, पण तिसरीला दोन म्हणणं तुमच्याने झालं नाही. साहेबांनी ही पत्रं तीनदा वाचली, त्यांना दिसलं नाही.

दुसरी ओळ काय आहे ते कळल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. आणि तुम्ही नेहमी एक वाजताच करता असं दिसतं. एकदा तीन वाजता करून पाहाल का?


६ एप्रिल

टिल्लू, हे पत्र बाईंना वाचायला दे. आधी तू वाचलंस तरी चालेल.

बाई,

फोल्डर मी पुसलेलं नाही. पुसलं असं खोटं लिहिलं. आदेश टाइप केला होता, शेवटची कळ दाबली नाही.

दुसरी ओळ आहे. ती मराठीत आहे. ती अशी:

'ऊठ. तो ताटावर बसलाय. बोलणार काही नाही, पण बसलाय.'

पहिल्या दिवशी ही ओळ आली तेव्हा मी यंत्र बंद केलं आणि पंख्याचा आवाज थांबेपर्यंत बसून राहिलो. मग पुन्हा सुरू करून पाहिलं. पुन्हा आली.

याचं कारण मला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून प्रोग्रॅमवर बसायची. एक वाजता मी दोन ताटं वाढून बसायचो. ती "आलेच" म्हणायची आणि अडीचला यायची. मी हाक मारत नसे. माझा तो स्वभाव नाही. एका दिवशी मी ताट झाकलं आणि न जेवता फिरायला गेलो. त्यानंतर ती दर सुट्टीला बरोबर एकला उठून यायला लागली. मला वाटलं, माझ्या न बोलण्याचा परिणाम झाला. बारा वर्षं मला त्याचा थोडा अभिमानच होता. आता कळतं की तिने यंत्राला सांगून ठेवलं होतं, आणि यंत्र माझ्यापेक्षा जास्त बोलायचं.

ही ओळ मी टिल्लूला लिहिली असती तर त्याने ती दुरुस्त केली असती. म्हणून लिहिली नाही. रोज एक वाजता आदेश द्यायचो तो प्रोग्रॅम चालावा म्हणून, असं मी स्वतःलाही सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही.

तीन वाजता करून पाहिलेलं नाही. तुमचं उत्तर आल्याशिवाय करणार नाही. तीनला केल्याने एकची ओळ जाणार असेल तर आधी सांगा. पण समितीची तारीख मी विसरलेलो नाही, हेही सांगतो.


१० एप्रिल

नमस्कार.

ओळ जाणार नाही. काहीही पुसायचं नाही.

तुमच्या पत्नीने आपल्या फोल्डरमध्ये कंपायलरच्याच नावाची एक छोटी फाइल करून ठेवली आहे. तुम्ही आदेश दिला की यंत्र आधी तिच्या फोल्डरमध्ये बघतं आणि ती फाइल त्याला पहिल्यांदा सापडते. ती घड्याळ बघत असणार. एक ते दोनच्या मध्ये असेल तर ओळ दाखवून थांबते, एरवी खऱ्या कंपायलरला काम देऊन बाजूला होते. म्हणून साहेबांनी कंपायलर किती वेळा काढला आणि घातला तरी काही बदललं नाही. खऱ्या कंपायलरपर्यंत एकदाही कुणी पोचलंच नव्हतं. त्याचं इन्स्टॉलेशन पहिल्याच दिवशी व्यवस्थित झालं होतं.

आता मात्र एक अडचण येईल आणि ती आमच्याकडून आलेली आहे. साहेबांनी मुळापासून बांधायला लावल्यामुळे कंपायलरची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारे तयार भाग, वेगळ्या जागी बसली असणार आणि यंत्राला ती जागा ठाऊक नसणार. प्रोग्रॅम तयार होईल, पण चालवताना लायब्ररी सापडत नाही म्हणेल. तसं झालं तर सोबतच्या कागदावरचा आदेश द्या. एकच आहे. त्याने यंत्र आपल्या लायब्रऱ्यांची यादी नव्याने करतं.

मी तीस वर्षं या कामात आहे. वेळेवर जेवायला उठण्यासाठी कुणी कंपायलर अडवून ठेवलेला मी पाहिला नव्हता. फार स्वच्छ काम आहे.

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

भावोजी, मी ही पत्रं तीनदा वाचली होती हे खरं आहे. दुसरं म्हणजे, गेल्या अकरा वर्षांत मी एकही आदेश स्वतः टाइप केलेला नाही. माझ्या टेबलावर जे यंत्र आहे त्यावर मी तारखा बघतो. टिल्लू.


१५ एप्रिल

टिल्लू, बाई,

ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी दुपारी तीनला बसलो. आदेश दिला. दुसरी ओळ आली नाही. खूण पुन्हा आली आणि फोल्डरमध्ये एक नवीन फाइल दिसली. चालता प्रोग्रॅम.

तो चालवला तर बाईंनी सांगितलेली तक्रार इंग्रजीत आली, लायब्ररी सापडत नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा यंत्राने मला परक्यासारखं काही सांगितलं होतं. बाईंचा आदेश दिला. तक्रार गेली.

प्रोग्रॅमने टाकीची पातळी विचारली. ऑक्टोबरातल्या त्या दिवसाची पातळी आणि वापर खात्याच्या नोंदवहीत आहे, त्याची नक्कल मी मार्चमध्येच अर्ज करून घेतली होती. आकडे घातले. शेवटची कळ दाबायच्या आधी उठून हात धुऊन आलो. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. अकरा वीस आलं असतं तर तेही मी तुम्हाला उतरवून पाठवणार होतो, आणि समितीलाही. तिने चूक केली असती तर ती चूक म्हणून लिहायला ती तयार असती. मी तयार होतो की नाही ते सांगता येत नाही.

सात तास वीस मिनिटं आले.

दहा वेळा चालवला. दहा वेळा सात वीस.

टिल्लू, तुला एक विचारतो. समितीला यंत्रातलं काही विचारायचं असेल तर मला उत्तर देता येणार नाही. तू येतोस का? तिमाही आड येत असेल तर तसं कळव, मी समजेन. माझ्या समजण्याचा तुला अनुभव आहे.

तुझ्या ताईचा नवरा


१९ एप्रिल

भावोजी,

येतो. बाईंनी प्रश्नोत्तरं लिहून दिली आहेत, पाठ करतोय. २६ ला सकाळी पोचेन.

जानेवारीत ताई गेल्याचा तुमचा निरोप आला तेव्हा मी खरंच मीटिंगमध्ये होतो. मीटिंग चारला संपली. निरोप मी मीटिंग चालू असतानाच वाचला होता. मग उठलो का नाही, हे मला अजून सांगता येत नाही. हे आत्ता लिहिलं नाही तर तिथे तोंडाने सांगावं लागेल.

टिल्लू


२८ एप्रिल

टिल्लू,

तू काल साडेतीनला निघालास, म्हणून पुढचं कळवतो.

आधी तुझ्याबद्दल. प्रोग्रॅम कसा चालतो असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा तू जे बोललास त्याची सुरुवात चांगली झाली होती. पण 'संगणकयुगाच्या पहाटे' इथपासून सुरू करायची गरज नव्हती. अध्यक्षांचे डोळे 'पहाटे'लाच मिटले. बाईंचे कागद तू खिशातून काढलेस तेव्हा ते उघडले, आणि त्यानंतरची चार उत्तरं फार नीट होती. ती तू न अडखळता दिलीस.

सात वीसचा आकडा सगळ्यांसमोर आला तेव्हा साहेबांनी तो प्रश्न विचारला, "कशावरून यांनी प्रोग्रॅम बदलला नाही?" त्यावर मी "मला तो वाचता येत नाही" म्हणालो आणि लोक हसले, ते तुझ्यासमोरच झालं. मी हसवण्यासाठी म्हणालो नव्हतो. मग त्यांच्याच कपाटातून, बावीस वर्षांपूर्वी खात्याने शिक्का मारून स्वीकारलेली छापील प्रत निघाली. अध्यक्ष म्हणाले, "आता एवढं कोण ताडून बघणार?" मी म्हणालो, मी. सहाशे चाळीस ओळी. कारकुनाने शिक्क्याची प्रत वाचायची, मी स्क्रीनवर बोट ठेवून 'हो' म्हणायचं. तू दोनशे चौदाव्या ओळीला उठलास. गाडीची वेळ झाली होती हे मला माहीत आहे. जाताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, त्यामुळे मी दोनशे पंधरावी ओळ चुकलो आणि ती आम्हाला परत घ्यावी लागली.

साडेचारला शेवटचं 'हो' झालं. एकाही अक्षराचा फरक नव्हता. मग मी पाळीचा मूळ कागद बघायला मागितला. त्यांनी दाखवला. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेघा उतरवल्या आहेत. मी तो कागद खिडकीच्या काचेवर धरला. सातचा इंग्रजी आकडा त्यात खाली दिसतो. त्याच्यावर दोन उभ्या रेघा ओढून अकरा केलेले आहेत, आणि शाई वेगळी आहे. मी कुणाचं नाव घेतलं नाही. अध्यक्षांना म्हणालो, इथे या आणि बघा. ते आले. मग उरलेले दोघेही आले. साहेब आपल्या जागेवर बसून राहिले. नंतर म्हणाले, वरच्या वस्तीतून पाण्याला दाब नाही अशा तक्रारी होत्या. कुणीही त्यांना विचारलेलं नव्हतं.

पाच वाजत आले होते आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. अध्यक्षांनी लिहिलं, 'दोष निश्चित होऊ शकला नाही.' आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली नाही. उठलोही नाही. शिपाई दोनदा येऊन दार वाजवून गेला. एकाने पंखा बंद केला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुमचं म्हणणं तरी काय आहे? बोला ना काहीतरी." मी त्यांच्याकडे बघत बसलो. तुला माहीत आहे, मला ते जमतं. तुझ्या ताईला ते अजिबात आवडायचं नाही.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी ती ओळ खोडली आणि नवीन लिहिली. 'प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष नव्हता. पाळीच्या कागदावरील आकडा खाते प्रमुखांच्या हस्ते बदलण्यात आला.' खाली समितीच्या तिघांनी सह्या केल्या आणि चौथी सही साहेबांची घेतली. मी सर्वांत शेवटी केली.

नक्कल मागितली तर म्हणाले, अर्ज करा, पंधरा दिवसांत मिळेल. माझ्या पिशवीत ट्रेसिंग कागद होता. मी म्हणालो, दहा मिनिटं द्या. उभ्याने, त्यांच्याच टेबलावर, पूर्ण पान उतरवून घेतलं. घरी येऊन त्यावरून आणखी दोन केल्या. एक तुला आणि एक बाईंना. दोन्ही सोबत आहेत. बाईंची त्यांच्या हातात दे, फाइल करायला देऊ नकोस.

कागद उजेडात धरून बघ. साहेबांची सही करताना पेन दोनदा अडलं आहे. ते दोन्ही ठिपके मी जिथे होते तिथेच काढले आहेत.

तुझ्या ताईचा नवरा